नववी ओळ

दर डिसेंबरात क्रीडा कार्यालयातून फोन येतो,
पेंटर, फळा करून टाका.
मी भद्रकालीतून सायकलवर निघतो,
हँडलला इनॅमलचे दोन डबे, काळा आणि पांढरा,
खिशात खारीच्या केसांचा ब्रश. बाबांचा.

जिल्हा विक्रम. बावीस ओळी.
गोळाफेक, मुले. ही मी सात वेळा पुसली.
निफाडचा एक, मग सिन्नरचा,
मग परत निफाडचाच, त्याचा धाकटा भाऊ.
काळ्या रंगाखाली गेलेली नावं
बोट फिरवलं तर अजून लागतात,
जुन्या वणासारखी.

फक्त नववीला माझा हात लागलेला नाही.
तीन हजार मीटर, मुली.
जमुना ल. भोयर, पेठ, १९८३.
वेळ इथे लिहीत नाही. लिहिली तर म्हणाल
घड्याळ बिघडलं असणार.
सगळे तेच म्हणतात.
सातपूरच्या एका मास्तरांनी तर टेप आणून
धावपट्टी मोजली, आखूड निघेल म्हणून.
निघाली दीड हात जास्त.
मास्तर बराच वेळ टेप गुंडाळत बसले.

मग मातीवर सिंथेटिक आलं, काट्यांचे बूट आले,
खुराकाचे तक्ते आले, उकडलेली अंडी मोजून आली.
ओळ तिथेच.
आणि कार्यालयाचा नियम असा,
बदल असेल तेवढ्याच ओळीचे पैसे.
म्हणजे जो मोडला जातो त्याला दरवेळी ताजा रंग
आणि हिला गंगापूर रोडचं चाळीस वर्षांचं ऊन.
आता लांबून वाटतं,
आठवीनंतर थेट दहावीच आहे.

यंदा मी स्टुलावर असताना
खाली एक बाई येऊन थांबली.
खांद्यावर फडकी, पायात प्लास्टिकच्या चपला,
हातात नातीचे बूट, चावतात म्हणून काढलेले.
"ती भोयर हाये का अजून वर?"
ओळखता का तिला?
"नाय. पण मीबी पळलेली हितं.
साल ध्यानात नाय.
माझ्या म्होरं कोणी नव्हतं, पण पेठची गाडी सुटत होती,
तर मास्तर म्हनले चला, तशीच पळत गेले सीबीएसपातुर.
टाइम कोणी सांगितलाच नाय.
मागून कधी आले तवा हा फळा वाचला.
म्हनलं बरं झालं, पेठचीच कोणी पोरगी.
माझ्याहून जादा पळली."

तुमचं नाव?
"यमुना. यमुना लक्ष्मण भोये."

स्टूल हललं नाही, मी हललो.
बाबा यादी डाव्या हातात धरून
रेडिओ ऐकत लिहायचे.
भोयर नावाचं त्यांचं एक उधारीचं गिऱ्हाईक होतं,
तेच डोक्यात असणार.
चूक दिसली असती तरी
ओळ बदलायला कुणीतरी तिच्याहून जोरात पळायला हवं होतं.

सांगितलं तिला.
हसली नाही, रडलीही नाही.
फळ्याकडे बघत राहिली,
सोबतीण गाडीत चढून गेल्यावर
स्टँडवर मागं उरल्यासारखी.
"मंग ती पोरगी नव्हतीच?"
मी गप्प.
"हंडा घेऊन घाट चढताना लेकींना सांगायची मी,
भोयर असती तर कवाच वर पोचली असती.
मीबी मनात तिच्याच मागं चालायची."

मी पत्र्याने र खरवडला.
य वर मात्रा द्यायची तेवढी राहिली,
ब्रश भिजलेला.
जमुनाचा ज अजून तसाच.
"थांब जरा, दादा."

खाली शिट्टी. तीन हजार, मुली.
वळणावर अकरा पोरी वाकून उभ्या,
त्यात एक अनवाणी.
वर लिहिलेलं, जमुना ल. भोय.
त्या घटकेला कुणाचंच नाही.
रंग ब्रशवरून मनगटाकडे ओघळत होता.
आम्ही दोघंही
फळ्याकडे पाठ करून उभे राहिलो.