खाणीत नेलेलं झाड

सॅक्सनीतली चांदीची खाण.
तिच्या तोंडाशी एक रानसफरचंद.
मे महिन्यातल्या एका पहाटे ते इतकं फुललं
की ट्राउगोट शिडीवर पाय ठेवून थबकला,
चार श्वास, फार तर पाच.
मागचा माणूस म्हणाला, "चल की."

मग ओल. मग तेलाच्या दिव्यापुरतं जग.
दुपारी (खाली दुपार नसतेच)
काळी भाकरी सोडताना त्यानं झाडही काढलं,
जरासं पाहिलं, परत गुंडाळून ठेवलं.
भाकरी संपली.

खाणीच्या कचेरीतला पोरगेला कारकून
रविवारी गुत्त्यात कविता वाचायचा.
"शाश्वत" हा शब्द आला की आवाज चढायचा त्याचा.
ट्राउगोट बिअरचा फेस पुसत मान हलवी.
झाड त्याच हिवाळ्यात तोडलं होतं,
सहाव्या गाळ्यात टेकू म्हणून उभं केलं होतं.
येताजाता तो त्याला हात लावी.

आता छाती शिट्टी वाजवते.
खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत.
"काय बघताय एवढं?" नात विचारते, हेडविग.
तो हात खांद्याशी नेतो,
पडलेली पाकळी झटकावी तसा,
आणि झटकत नाही.