देवका उर्फ देविका

जिल्हा न्यायालयाच्या फाटकाबाहेर, कडुलिंबाखाली
माझं टेबल, त्याचा एक पाय विटेवर.
तीस वर्षं टंकते आहे लोकांची भांडणं,
डावीकडे समास सोडून.

टंकते आणि दुरुस्त करते.
म्हणजे हातात चहा धरून लोक जे ठामपणे सांगतात, ते.
'मॅडम, सहा महिन्यांनी स्टँपपेपर मरते नं?'
मरत नाही भाऊ. सहा महिने असतात पैसे परत मागायला.
कागद आहे तो, पाव नाही.
'बारा वर्षं राहिला का भाडेकरू मालक होते म्हणते.'
बारा वर्षं भाडं देत राहिला
तर तो बारा वर्षांचा जुना भाडेकरू होतो.
'हिंदी तर राष्ट्रभाषा आहे—'
कुठं लिहिलंय? दाखव, तर्रीपोहे माझ्याकडून.
आजवर एका प्लेटचेही पैसे
मला द्यावे लागलेले नाहीत.

मे महिन्यात खिशात कांदा घालून येतात.
त्यांना सांगते, पाणी प्या, कांदा भाजीत टाका.
माझ्या पर्समध्येही एक असतो.
आई ठेवायची. तो मुद्दा वेगळा.

तर त्या दिवशी पारडीहून देवकाबाई नंदेश्वर आली.
रेशनकार्डावर देवका, पासबुकात देविका,
आणि तिचे पैसे
एका ऱ्हस्व वेलांटीला अडकलेले.
कोणी केलं हे?
'फारम भरून देणारा पोरगा होता.
म्हणे, आजी, देवका असं नावच नसते.
त्यानं सुधरवून देल्लं.'

सांगा, म्हटलं. तिनं सांगितलं.
'चाळीस वर्षांपासून मी पारडीलेच राहून राहिली.
माय मले देवकाच म्हणे.
ते दुसरी बाई कोण, मले नाही माहीत.'
माझी बोटं सवयीनं चालत होती:
मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की,
मी गेली चाळीस वर्षे मौजा पारडी येथे वास्तव्यास असून
देवका व देविका ही एकाच व्यक्तीची नावे आहेत.

वाचून दाखवलं, नियमाप्रमाणे.
तिनं पदरानं मान पुसली.
'हे कोण बाई आहे?'
तुम्हीच.
'मी असं नाही बोलली. वास्तव्य काय असते?'
राहणं.
'मंग राहणंच लिव्ह न माय.
शपथ मी घेऊन राहिली का तू?'

तोंड उघडलं होतं मी.
कोर्टाला शुद्ध लागतं, एवढंच म्हणायचं होतं.
आणि माझाच आवाज कानात आला: कुठं लिहिलंय? दाखव.
समोरच्या ठेल्यावर तर्रीला उकळी येत होती.

मी उमरेडची. घरी 'काऊन', फाटकाशी आले की 'का बरं'.
चौथीत 'खेळून राहिलो'वर लाल रेघ मिळाली,
ती रेघ मी तीस वर्षं पुढं देत आले,
सही करता न येणाऱ्यांच्या तोंडात 'वास्तव्य' कोंबत,
आणि तो पोरगा मात्र मघापासून मला मूर्ख वाटत होता.

कागद ओढून काढला. दुसरा लावला.
'राहून राहिली' टंकताना
बोटं दोनदा अडखळली, जशी परक्या मशीनवर.

नोटरी साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
हे काय, लांजेवारबाई?
म्हटलं, प्रतिज्ञापत्र.
हे तर बोलणं आहे.
हो साहेब. तिचं.
ते बराच वेळ शिक्का हातात धरून बसले,
मग मारला, थोडा तिरका.

देवकाबाईनं सही केली.
तीन अक्षरं, प्रत्येकावर थांबून,
'व'वर जरा जास्तच.

जाताना पिशवीत हात घातला,
माझ्या टेबलावर एक कांदा ठेवला.
'ऊन हाये, माय. जवळ ठेव.'
उन्हाला कांद्यानं काही होत नाही,
हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

पर्समध्ये आता दोन आहेत.