सप्रेम भेट

एकतीस वर्षं मी भांड्यांवर नावं घालतोय.
पापाच्या तिकटीपासून आत, तिसरं दुकान.
दुकान म्हणजे एक पाट, एक दिवा
आणि हातात थरथरणारी सुई.
ठिपक्याला ठिपका लावत जायचं:
लेकीचं नाव, विहिणीचं नाव, तालमीचा हंडा,
हळदीकुंकवाच्या वाट्या.
भांडं वर्षभर दुसऱ्याच्या घरी राहिलं
तरी बुड उलटं केलं की कबूल करतं,
मी कुणाचं.

काल घरफाळा भरायला गेलो, गांधी मैदानाच्या ऑफिसात.
व्हरांड्यात बोर्ड, बोर्डाला जाळी, जाळीला कुलूप.
आत उमेदवारांची शपथपत्रं टाचलेली,
खालची पानं वरच्या पानांखाली.
लोकांना बघायला लावलंय म्हणे.
एक माशी तेवढी आत जाऊन वाचत होती.

माझे डोळे आता ठिपक्यांचे उरलेत,
ओळी हातातनं सुटतात.
लॉ कॉलेजची एक पोरगी जाळीच्या भोकाला मोबाईल लावून
जमेल तेवढ्याचे फोटो काढत होती.
म्हणाली, "सांगा काका, कुणाचं वाचू?"
म्हटलं, आमच्या वॉर्डातलं. हिंदुराव नेर्लेकर.

हातातली रोकड, बावीस हजार.
सोनं साडेसात तोळे, पत्नीचं धरून.
मोटरसायकल एक, दोन हजार नऊची.
(मी बघितलेल्या गाडीला चार चाकं होती,
पण गाडीवर नाव घालायला माझ्याकडं कोण येत नाही.)
शेतजमीन सव्वा एकर, वडिलोपार्जित.
निवासी इमारत: निरंक.

"निरंक म्हणजे?"
मला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.
"काही नाही, काका. यांना घर नाही."

डोकं विसरतं, मनगट विसरत नाही.
दोन वर्षांमागं, वैशाखात,
टेम्पोतनं साडेतीनशे स्टीलचे डबे आले.
चार रात्री बसलो. पोराला दिवा धरायला लावला.
प्रत्येक झाकणावर तेच:
नूतन वास्तू 'शिवार्पण', नागाळा पार्क.
सौ. व श्री. हिंदुराव नेर्लेकर यांजकडून
सप्रेम भेट.
त्या शिवार्पणचा रफार सुईला अवघड जातो.
साडेतीनशे वेळा अवघड गेला.

कागदावर घर मेव्हण्याचं असंल,
मेव्हण्याच्या कंपनीचं असंल. कायदा मला कळत नाही.
मजकूर कळतो.
मजकूर त्यांनीच लिहून दिला होता, आपल्या हातानं,
आणि जाताना मागं वळून बजावलं होतं,
"दस्तगीरभाई, नूतनचा नू दीर्घ आहे बरं का,
उगाच लोकं चुका काढतात."

पोरगी देण्यांच्या रकान्यावर आली होती.
मी विचारलं, "बाळ, राहतीस कुठं?"
"मंगळवार पेठेत."
"मग घरी एक डबा असंल. एवढा. झाकणावर बारीक अक्षरं."
ती थांबली. मोबाईल हळूच खाली आला.
"आहे की. आई त्यात तूरडाळ ठेवती."

शिपाई किल्ल्या वाजवत आला.
बघून झालं असंल तर सरका, पाच वाजले.
व्हरांड्याचं दार लागलं.
तेव्हा पेठेत संध्याकाळच्या आमटीची वेळ होत आली होती,
किती झाकणं उघडली असतील, देव जाणे.
मी पायऱ्या उतरलो. खिशात पावती,
दीड खोलीचा घरफाळा, आणि माझ्या नावात
क्लार्कनं ऱ्हस्व केलेली गी.

रात्री पोराच्या मोबाईलवर तिचा फोटो आला.
ओट्यावर पालथं झाकण, बाजूला सांडलेली चार दाणे डाळ.
खाली लिहिलेलं काहीच नाही.
पोरानं बोटांनी मोठं करून दाखवलं.
चष्मा पुसला, परत बघितलं.
रफार जरा वाकडा पडलाय.
वाचता येतंय पण.