थंड म्हणजे किती थंड

आमच्या पेठेत नळाला पाणी पाचव्या दिवशी,
आणि ही गाडी पाणीच मागत नाही,
एवढ्या एका गुणावर बालमणीनं हो म्हटलं.
इंजिन मागं, डिकी पुढं,
अंगावर वारा घेऊन निवणारी जुनी फोक्सवॅगन.
साखर पेठेतली पोरं कासव म्हणतात.
पाणी नको, पण पेट्रोल?
लिटरला साडेआठ.

डॉक्टर शेटगारांनी गाडीबरोबर वही दिली होती.
तिच्यात हिचा आकडा बारा, साडेबारा,
एकदा तुळजापूरचा घाट उतरून येताना चौदा,
खाली दोन रेघा.
हिशेबात माणूस खूश झाला की दोन रेघा मारतो.

मी एकतीस वर्षं जॉबर.
कुठला माग रडतोय, शेडच्या दारातून सांगायचो.
हिचं रडणं मला कळेना.
विजापूर वेशीतला दस्तगीर म्हणाला,
"कोंडय्या, पहले ढकल के देख."
सपाट रस्ता, तरी तिघं लागलो.
मागचा डावा ड्रम चाकाला सोडतच नव्हता.
"कितने साल ब्रेक दाब के चल रहे, पता नहीं,"
दस्तगीर म्हणाला. गाडीबद्दलच म्हणाला.

चोक अर्धा अडकलेला.
बेचाळीस अंशात हिला अजून हुडहुडी!
इंजिनाभोवतीचा पत्रा कुणी भंगारात घातलेला,
वारा आत यायचा आणि काम न करताच निघून जायचा.
नवा पत्रा तेलाच्या डब्यातून कापला,
आतल्या बाजूला अर्धी शेंग छापलेली आहे.

राहिले व्हॉल्व्ह.
दस्तगीरच्या नातीनं पुस्तक वाचलं:
इंजिन पूर्ण थंड असतानाच गॅप बघावा.
"थंड म्हणजे किती थंड?"
दस्तगीरनं टोपी काढून डोकं पुसलं.
मे महिना. रात्री अकराला भिंतीला पाठ टेकवत नाही.

मग गाडीशेजारीच बाज टाकली.
गिरणीचा भोंगा बंद होऊन जमाना झाला,
जाग अजून साडेचारलाच येते.
इंजिनावर तळवा ठेवला.
कोमट नव्हतं. गार म्हणणं जास्त होईल.
एवढीच थंडी सोलापूर देतं, अर्धा तास फार तर,
त्यात आठ व्हॉल्व्ह, पंधरा शतांश मिलिमीटर,
आणि गेजचं नेमकं तेच पान हरवलेलं.

मी घरातून चाळीस नंबरचं सूत तोडून आणलं.
"सूत दबता है, मियाँ."
दबतं. किती दबतं ते माझ्या बोटांना विचार.
सुटलं पाहिजे,
पण सुटताना जरा धरलं पाहिजे.

बालमणी टॉर्च धरून उभी.
"महिन्याला किती वाचतील?"
"सातशे."
"आणि दस्तगीरभाईंचे?"
"साडेतीन हजार."
ती काही बोलली नाही. उजेड तेवढा हलला.

टाकी गळ्यापर्यंत भरून हिप्परग्याकडं निघालो.
पंचावन्नच्या वर नाही, काचा खाली,
सिग्नल लांबून दिसला की पाय आधीच वर.
कडेचे दगड मोजायची सवय बालमणीची,
गप्प बसवत नाही म्हणून मोजते.
परत आल्यावर म्हणाली, वीस झाले.
मीटर म्हणत होता, सोळा.

दस्तगीरनं केबल उपसली. टोक झिजून गुळगुळीत.
म्हणजे ही पळत होती
आणि लिहून घेणारा मधूनमधून डुलकी काढत होता.
म्हणजे साडेआठ कधी साडेआठ नव्हतेच.
निम्मी तहान आमच्या वहीतच होती.

दगडांच्या हिशेबानं आता बारा पूर्णांक आठ,
मीटरच्या हिशेबानं दहाच्या आसपास.
बालमणी म्हणाली, दगडांचा लिही,
दगड झिजत नाहीत.
लिहिला.
खाली एकच रेघ मारली.
दुसरीला जागा ठेवलीय, डिसेंबरात बघू,
इंजिन खरोखर थंड असेल तेव्हा.