एक नग उठाव

वाचनालयाच्या पश्चिमेच्या भिंतीवर
डोमा ठवकरनं त्याला अर्धा बाहेर काढला.
अर्धा आत राहिला.
"पुरा काढला तं पडन ना गा," म्हणाला.

ज्या पुस्तकातून तो आला, त्याचं कव्हर
उधईनं खाल्लं होतं, शेवटची चाळीस पानंही.
म्हणून नाव नाही, शेवट नाही.
मधला फक्त घोडा, थंडी, न दिलेलं एक पत्र
आणि न मारलेला एक माणूस.
मी कंदिलापाशी मोठ्यानं वाचायचो,
डोमा ऐकत ऐकत थापी धुवायचा.

आता घोड्याला पायांऐवजी शिड्या आहेत,
बांबूच्या, धान कोठीत भरायच्या,
एकीची पायरी मोडकी.
टोपीच्या जागी उलटी बोडी,
तिच्यातून शिंगाड्याचे वेल त्याच्या कानांवर उतरतात.
छातीत दार. दाराला खरी कडी.
उघडलं की आत आणखी एक छाती,
शेवाळी, चिमणीएवढी.
सावलीही सिमेंटचीच,
उन्हाकडे तोंड करून पडलेली.
दुपारी चारला त्याच्या दोन सावल्या होतात
आणि पोरं खरीला खोटी म्हणतात.

ग्रामसेवकानं पावतीत लिहिलं:
उठाव, नग एक. सिमेंट चार पोती.
आठवड्यानं तालुक्याहून जमादार आला,
विचारू लागला, उठाव कुठं झाला, लोक किती होते.
आम्ही त्याला भिंतीपाशी नेलं.
तो बराच वेळ पाहत राहिला.
मग स्वतःची टोपी काढून
भिंतीबाहेर आलेल्या हातात अडकवली,
पाणी प्यायला,
"याच्याकडं लक्ष ठेवा" म्हणाला आणि गेला.
टोपी न्यायला परत आला नाही.

रेती चाळली होती पर्बता हटवारनं.
तिनं एकदाच विचारलं,
"मंग शेवटी तो जाते कुठी?"
डोमानं थापीनं भिंतीच्या पलीकडं दाखवलं.
पलीकडं बेशरमाची झुडपं, तुटका नळ.
तिकडं कोणी जात नाही.

डोमा वारला त्याला सहा वर्षं झाली.
यंदा कवेलू फेरायला मी मागं गेलो.
घोट्याएवढ्या उंचीवर, प्लास्टर फोडून,
पायाची पाच बोटं.
नखांत चिखल,
रोवणी करणाऱ्याच्या असतो तसा,
ओला.

कुणाला सांगितलं नाही.
झुडपं तेवढी छाटली,
एक माणूस निघेल इतपत.
घोड्याचं काय करायचं
ते अजून सुचलेलं नाही.