नोंद आढळत नाही

शाहूपुरीत, जुन्या गुळाच्या गोदामांना पाठ लावून
ते बसलंय अजून, काळ्या दगडाचं.
रिक्षावाले आजही चर्चच म्हणतात.
पाटी मात्र महानगरपालिकेची:
जन्म-मृत्यू नोंदणी विभाग.
आणि खाली, खडूनं: सर्व्हर डाऊन.

मी खिडकी क्रमांक तीन.
बदलीवर आले तेव्हा साहेब म्हणाले,
"हिवाळे, तुम्हाला बरंय की, घरच्यासारखं."
मी हसले. घरच्यासारखं म्हणजे कसं,
ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

बाकं तीच आहेत. सागवानी, पाठीला ताठ,
उपासनेत डुलकी लागू नये म्हणून तशी केलेली.
समोरच्या फटीत गीतांची पुस्तकं असायची,
आता तिथं आधारच्या झेरॉक्सा, उसाच्या बिलाची पावती,
कुणाचं तरी अर्धं खाल्लेलं बिस्किट.
गीत क्रमांक लावायची लाकडी पाटी काढली नाही कुणी;
शिपाई दिगंबर तिच्यावर टोकनचे आकडे सरकवतो.
एकशे चार. एकशे पाच.
लोक मान वर करून बघतात, अगदी तशीच,
उभं राहायचं का अजून बसायचं.

घंटेचा दोर गेला. त्याच भोकातून
आता कॅमेऱ्याची वायर उतरते.

डावीकडं जन्म, उजवीकडं मृत्यू,
मधे मी: दुरुस्ती.
नावातले ऱ्हस्वदीर्घ, बापाचं आडनाव,
सोनाबाईची सोनाली झालेली.
एकाची तर मरणाची तारीख जन्माच्या आधीची पडलेली;
त्याचा मुलगा म्हणाला,
"म्हातारा कायम घाईतच असायचा, मॅडम."

परवा एकशे एकोणतीसला आला
शमुवेल येसबा आवळे.
वय पेन्शनच्या कागदात एक, मतदार यादीत दुसरं,
त्याच्या स्वतःच्या मतानं अठ्ठ्याहत्तर.
उंबऱ्यातच टोपी काढून हातात घेतलेली.
मी सत्तेचाळीस काढलं, अठ्ठेचाळीस काढलं.
पुराच्या वर्षीचा चिखल वहीच्या कडांना अजून,
जोंधळ्याच्या भाकरीच्या काठासारखा फुटलेला.
नाही.
"काका, नोंद आढळत नाही."

त्यानं खिडकीतनं आत वाकून फरशी बघितली.
माझ्या खुर्चीखालची एक फरशी वेगळी आहे, अष्टकोनी.
तिथं काय होतं ते मला माहीत आहे.

"बाय, तू बसलीयास न्हवं, तितंच
माझ्या टकुऱ्यावर पाणी घातल्यालं.
लई रडलो म्हणं. आई सांगायची,
सगळं देऊळ दणाणून सोडलं."
"लेखी काही?"
"वही हुती. कुणी नेली, का वाळवीनं खाल्ली, काय ठावं."

नियमानं फरशी पुरावा होत नाही.
रडणंही नाही, शंभर माणसांनी ऐकलं असलं तरी.

मी छापील कागद ओढला.
सदर व्यक्तीच्या जन्माची नोंद
या कार्यालयात आढळून येत नाही.
'या कार्यालयात'वर पेन जरा अडलं.
शाई असेल.

"हे घेऊन तहसीलला जावा, मग तिथनं आदेश…"
तो ऐकत राहिला, लांबलेलं प्रवचन ऐकावं तसा,
संपलं की चहा असतो म्हणून.

कागद सुटेनात. बोटं कोरडी, त्याचीही, माझीही.
त्यानं माझ्या टेबलावरच्या स्पंजच्या वाटीत
अंगठा बुडवला, प्रती वेगळ्या केल्या,
एक त्याला, एक मला.
मग अंगठ्याला उरलेलं ओलं
कुठं पुसावं कळेना,
म्हणून कपाळाला पुसलं.
टोपी घातली ती एकदम बाहेर, पायरीवर.

दिगंबरनं आकडा सरकवला.
एकशे तीस.
एक बाई उठली, पदराखाली बाळ,
सरळ माझ्याच पुढ्यात येऊन थांबली.
"नाव अजून ठरलं न्हाई," म्हणाली.
"ताई, जन्म तिकडं," मी म्हटलं,
आणि खुर्ची जरा मागं घेतली.