दोन मिनिटं दहा सेकंद

वेकफील्डच्या चर्चचा हॉल, भाडं ताशी अठरा पौंड,
कापूर पेटवायला परवानगी नाही,
म्हणून तबकात बॅटरीवरच्या पणत्या.
आरतीचं दुसरं कडवं चालू होतं
आणि मला करपलेल्या साखरेचा वास आला.
तो कुणालाच येत नाही. मला येतो, आधी.

पुढचं मला माहीत नाही.
माझ्या आयुष्यातली ही पानं
नेहमी दुसऱ्यांनीच वाचलेली असतात.

डोळे उघडले तेव्हा
नाकाशी कुणाची तरी चप्पल
आणि पावलांवर हळदकुंकू.
म्हणजे निम्म्यांनी ठरवलं होतं फीट,
निम्म्यांनी देवी.
एकाच अंगाच्या एका टोकाला जोडा,
दुसऱ्या टोकाला पूजा,
मधे मी, ओल्या साडीत.
प्रमिलाकाकू हात जोडून विचारत होत्या,
"आई, काय हवंय तुला?"
मला पाणी हवं होतं.
आणि कुणीतरी मुलांना बाहेर न्यायला हवं होतं.

"साताऱ्याला कळू देऊ नकोस,"
आई मागेच म्हणाली होती फोनवर,
"केतकीचं जमत आलंय. फीट नको म्हणूस, चक्कर म्हण."
चक्कर.
वीस वर्षं हा शब्द पर्समध्ये आहे,
गोळ्यांच्या डबीला लागून.
ऑफिसात चक्कर, सासरी चक्कर,
आणि लायसन्स परत पाठवावं लागलं तेव्हा
'पार्किंग कुठे परवडतंय हल्ली.'

डॉक्टरांना एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.
वास आणि अंधार यांच्या मधे एक फट असते,
फार तर दीड सेकंदाची.
तिथे सगळं ओळखीचं असतं,
रेडिएटर, घडीच्या खुर्च्या, काकूंची नथ,
जणू आतून कुणी म्हणतंय,
आलीस? बस.
इतकं निवांत मला कुठल्याच गाभाऱ्यात वाटलं नाही.
स्कॅनमध्ये तिथे एक डाग दिसतो,
डाव्या कानाच्या वर, शिताएवढा.
असेलही.
एका शितानं देव जेवल्याची गोष्ट
आपल्याकडे आहेच की.

रोज रात्री दोन गोळ्या घेते
आणि त्या फटीचं दार आपल्या हातानं ओढून घेते.
याला कुणी व्रत म्हणत नाही.
उद्यापनही नाही याचं.

हॉलचा राखणदार विल्फ्रेड, ऐंशी ओलांडलेला.
खुर्च्या उचलत होता शेवटी,
आणि तेव्हा लक्षात आलं, डोक्याखाली
इतका वेळ त्याचा कोट होता.
मनगट पुढे करून म्हणाला,
"दोन मिनिटं दहा सेकंद. मी मोजत होतो."
मग, कुणी विचारलं नसताना,
एडिथ. मोठी बहीण.
तो नऊ वर्षांचा असताना तिला पाठवली
अशाच लोकांच्या वसाहतीत, शेतकामाला.
शेजाऱ्यांना सांगितलं, मावशीकडे गेलीय.

मावशीकडे.
म्हणजे तुमच्याकडेही होता तर हा शब्द.

"तिचं कुणी मोजलं असेल असं वाटत नाही,"
एवढं बोलून तो दिवे मालवायला गेला.
काकूंनी त्याच्या हातावर मोदक ठेवला.
माझ्याकडे त्यांना बघवेना.
कुंकू लावल्याची लाज होती की पुसल्याची, कोण जाणे.

घरी येताना बसमध्ये पास दाखवला,
फुकटचा, ज्यावर फोटोखाली माझं खरं कारण
सरकारला ठाऊक आहे, साताऱ्याला नाही.
वरच्या मजल्यावर बसून केतकीला लिहिलं,
'आज मला फीट आली. दोन मिनिटं दहा सेकंद.
त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव,
मी यापुढे चक्कर म्हणणार नाही.'
दोन निळ्या खुणा आल्या.
उत्तर नाही अजून. तिकडे मध्यरात्र उलटून गेलीय,
आणि ती जागी आहे.

काच थंड होती, डोकं टेकवलं.
केसांत त्या कोटाचा वास राहिला होता,
तंबाखूचा, जुन्या लोकरीचा.
शेजारी कुणी बसलं असतं
तर त्यालाही आला असता.